निगेटिव्ह १९३६ ची, पण प्रिंट कधीची?

'व्हिंटेज फोटोग्राफ्स' असं पोस्टर दिसलं की आपण धरून चालतो, आत जुने फोटो असणार. असतातही. पण गॅलरीवाले आणि संग्राहक फोटो कधी टिपला यावर थांबत नाहीत, कागदाचं वय विचारतात. फोटो टिपल्यावर थोड्याच काळात, ढोबळमानानं पाचेक वर्षांत, छायाचित्रकारानं स्वतः किंवा आपल्या देखरेखीखाली काढलेली प्रिंट ती व्हिंटेज. त्याच निगेटिव्हवरून तीस-चाळीस वर्षांनी काढलेली ती मॉडर्न प्रिंट, मग फोटो कितीही जुना असो.

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगचा 'मायग्रंट मदर' हा स्थलांतरित मजूर आईचा गाजलेला फोटो घ्या. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. महामंदीत गावोगावची हलाखी टिपायला अमेरिकी सरकारनंच लँगला नेमलं होतं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसतो, जरासा धूसर. लँगला तो खुपत होता. काही वर्षांनी तिनं निगेटिव्हवरच हात फिरवून तो पुसून घेतला. तिचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांना ही ढवळाढवळ अजिबात रुचली नाही, आणि मला विचाराल तर मी स्ट्रायकरांच्या बाजूचा. ते काही असो, आपल्याला मात्र एक खूण मिळाली: अंगठा शाबूत असलेली प्रिंट बहुधा आधीची. अंगठा नसेल तर नुसतं बघून काहीच ठरवता येत नाही. निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, फोटो सरकारी कामातला म्हणून कॉपीराइटची अडचण नाही. तुम्ही आज स्कॅन उतरवून घेऊन चौकातल्या फोटो स्टुडिओतूनही प्रिंट काढू शकता. चित्र १९३६ चंच राहील.

मग कागदाचं वय ओळखायचं कसं? जुनी जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, म्हणजे चांदीचा थर असलेल्या कागदावरची कृष्णधवल प्रिंट, तिरप्या उजेडात धरली की पुष्कळदा कडेच्या काळ्या भागावर निळसर, धातूसारखी झळाळी दिसते. कागदातली चांदी वर्षानुवर्षांत पृष्ठभागावर येते, तिची ही चमक. दुसरी खूण साध्या डोळ्यांना दिसत नाही. साधारण १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं पडू लागली आणि असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर उजळतो. लुईस हाइन हा गिरण्या-खाणींतल्या बालमजुरांचे फोटो काढणारा माणूस १९४० साली वारला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या 'व्हिंटेज' म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी प्रिंट दिव्याखाली धरल्या, तर चक्क उजळल्या! माणूस जाऊन दहा-पंधरा वर्षं झाल्यावर बाजारात आलेल्या कागदावर त्यानं प्रिंट काढणं शक्यच नव्हतं.

म्हणून मॉडर्न प्रिंट खोटी ठरत नाही. खोटं असतं ते लेबल. छायाचित्रकारानं म्हातारपणी स्वतः काढलेली प्रिंट कित्येकदा जास्त खुलते, सावलीतले तपशील त्यात नीट उतरतात. चेहरे निरखून बघायचे असतील तर मी बिनदिक्कत तिच्यासमोर उभा राहीन.

डॉक्युमेंटरी कामाची गोष्ट मात्र जरा वेगळी. हे फोटो भिंतीसाठी काढलेलेच नव्हते. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात काढलेले फोटो मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकात छापून येत होते. छपाईसाठी काढलेली प्रिंट सहसा लहान असते, टाचणीनं भोकं पडलेली, कधी कोपरा दुमडलेली. अशी प्रिंट उलटी केली की मागे शिक्के, पेन्सिलीनं लिहिलेलं गावाचं नाव, चिकटवलेली कॅप्शन सापडते. फोटो कुणाच्या टेबलावरून गेला, कुठे कापला गेला, हे त्या पाठीवर कळतं. चार फूट रुंद, काचेत चकाकणाऱ्या नव्या प्रिंटला ही पाठच नसते, आणि जुन्या प्रिंटची पाठ गॅलऱ्या बहुतेक वेळा भिंतीकडे करूनच ठेवतात. काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी काच लावून फ्रेम मधोमध उभी करतात. ते फार बरं.

लेबलवर दोन सालं आहेत का, ते आधी बघा: फोटो टिपल्याचं एक, प्रिंट काढल्याचं दुसरं. एकच असेल तर काउंटरवर जाऊन दुसरं विचारा. विकायला ठेवलेली प्रिंट असेल तर उत्तर लेखी घ्या.