ब्रिटनमध्ये रिस्टोअर केलेली एमजीबी विकत घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि गाडी नावावर करण्याची प्रक्रिया

'१९६९ ची एमजीबी रोडस्टर. संपूर्ण रिस्टोरेशन. टॅक्स नाही, एमओटी नाही, लंडनचा युलेझ नाही.' इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारची जाहिरात साधारण अशीच असते. रोडस्टर म्हणजे उघडी दोन आसनी गाडी, एमओटी म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी आणि युलेझ म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारा लंडनचा पट्टा. तिथे राहणारी आपली बरीच मंडळी पहिली जुनी गाडी म्हणून एमजी कंपनीची एमजीबीच घेतात. गाडी देखणी आहे, सुटे भाग सहज मिळतात आणि १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये जीटी या टपाच्या प्रकारासह पाच लाखांवर गाड्या बनल्यामुळे निवडायला वाव असतो.

जाहिरातीतले ते तीन 'नाही' खरे आहेत, पण प्रत्येकाला अट आहे. त्यातलं एमओटीचं तर निव्वळ घोषणापत्रावर चालतं, आणि गाडी घेतल्यावर ते तुमच्या सहीने जातं. दुसऱ्या कोणीतरी केलेल्या कामाबद्दल तुम्ही सरकारला लिहून देत असता. म्हणून आधी कागद आणि पत्रा एकमेकांशी जुळतात का ते बघा. रंगाची चमक नंतर बघता येईल.

गाडी कोण घेऊ शकतं

नागरिकत्वाची अट नाही. डीव्हीएलए, म्हणजे तिथलं वाहन नोंदणी खातं, तुमचं नाव आणि ब्रिटनमधला पत्ता मागतं. चालवण्यासाठी अर्थातच वैध परवाना हवा. भारतीय परवान्यावर तिथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर प्रोव्हिजनल परवाना काढून लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. इथे एक गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते. चाचणी ऑटोमॅटिक गाडीवर दिली असेल तर परवानाही फक्त ऑटोमॅटिकचाच मिळतो, आणि एमजीबी जवळजवळ सगळ्या हाताने गिअर टाकायच्या. हौसेने गाडी घेऊन ती गॅरेजमध्येच उभी ठेवण्याची वेळ येऊ नये.

लहान मुलं असतील तर गाडीची पहिली नोंदणी कोणत्या साली झाली ते विचारा. १ जानेवारी १९६५ च्या आधीच्या गाड्यांना सीटबेल्ट सक्तीचे नव्हते. बेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल नेताच येत नाही, आणि त्याहून मोठं मूल फक्त मागच्या सीटवर चालतं. रोडस्टरला मागची सीटच नाही, म्हणजे मूल न्यायचंच नाही. बेल्ट नंतर बसवून घेतलेले असतील तर प्रश्न मिटतो, पण मग १२ वर्षांपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत चाइल्ड सीटचा नियम लागतो.

लॉगबुक म्हणजे मालकीहक्क नव्हे

व्ही५सी हे मुख्य कागदपत्र. सगळे त्याला लॉगबुक म्हणतात. आपल्याकडे आरसी बुक असतं, तसं समजून लोक त्याला मालकीचा पुरावा मानतात, आणि चूक होते ती इथेच. लॉगबुकावर 'नोंदणीकृत कीपर'चं नाव असतं, म्हणजे गाडी सांभाळणारा, टॅक्स-दंडाला जबाबदार असलेला माणूस. मालक वेगळा असू शकतो. मालकीसाठी खरेदीची पावती हवी. तिच्यावर दोघांची नावं-पत्ते, तारीख, रक्कम, नंबर, चासी नंबर आणि मीटरचा आकडा असू द्या. पैसे बँकेतून द्या.

लॉगबुक नसेल तर गाडी घेऊ नका. 'हरवलंय, नंतर पाठवतो' असं विक्रेता म्हणाला तर त्यालाच व्ही६२ अर्ज करून २५ पौंडांत नवीन काढू द्या आणि तोवर थांबा. समोर आलेल्या लॉगबुकाचा अनुक्रमांकही बघा. बीजी ८२२९५०१ ते बीजी ९९९९०३० आणि बीआय २३०५५०१ ते बीआय २८००००० या मालिकांमधली कोरी लॉगबुकं पूर्वी चोरीला गेली होती. यातला क्रमांक दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. तिथून निघा आणि सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर पोलिसांना कळवा.

मग बॉनेट उघडायला सांगा. गाडीचा चासी नंबर पत्र्याच्या पट्टीवर असतो, तो लॉगबुकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एमजीबीच्या नंबरची सुरुवातच बरंच सांगून जाते. 'जीएचएन' म्हणजे उघडी दोन आसनी गाडी, 'जीएचडी' म्हणजे टपाची जीटी. पट्टीवर 'जीएचडी' आणि समोर रोडस्टर असेल तर टप कापलेला आहे किंवा पट्टी दुसऱ्या गाडीची आहे. इंजिनचा नंबर ब्लॉकला रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. रिस्टोरेशनमध्ये इंजिन बदललेलं असतं, त्यात गैर काही नाही, पण नवा नंबर लॉगबुकावर चढलेला हवा. रंगाचंही तेच. लॉगबुकात 'पांढरा' आणि दारात ब्रिटिश रेसिंग ग्रीन उभी असेल, तर मालकाने खात्याला कळवलेलं नाही. हा गुन्हेगारीचा पुरावा नव्हे, पण ज्याने एवढंही केलं नाही त्याने बाकी कागद कसे ठेवले असतील याचा अंदाज येतो.

गाडी मुळात कोणत्या रंगाची, कोणत्या तारखेला बनली आणि कुठे पाठवली गेली हे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या हेरिटेज सर्टिफिकेटवर कळतं. ते कारखान्याच्या नोंदींवरून दिलं जातं. बऱ्याच एमजीबी अमेरिकेला गेल्या आणि कित्येक वर्षांनी परत आल्या, त्यामुळे 'कायम इंग्लंडमध्येच होती' हा दावा पडताळायला हा कागद फार उपयोगी. परत आयात झालेली असेल तर आयातीचे आणि ब्रिटनमधल्या पहिल्या नोंदणीचे कागद मागून घ्या.

टॅक्स: शून्य पौंड असला तरी भरायचा

४० वर्षांचा नियम दरवर्षी पुढे सरकतो. १ जानेवारी १९८६ च्या आधी बनलेली गाडी १ एप्रिल २०२६ पासून करमुक्त होते. एमजीबीचं उत्पादन १९८० मध्येच थांबलं, त्यामुळे वयाच्या कसोटीवर प्रत्येक एमजीबी पात्र आहे. अट एकच, गाडी धंद्यासाठी वापरायची नाही. भाड्याने लग्नाच्या वरातीला दिली की सूट गेली.

पण सूट आपोआप लागत नाही. गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदवलेली असावी लागते. लॉगबुकावर करवर्ग छापलेला असतो, तो वाचा. अजून जुनाच वर्ग असेल तर बदलासाठी वाहनकराचं काम करणाऱ्या पोस्ट ऑफिसात जावं लागतं. सोबत स्वतःच्या नावाचं लॉगबुक, कराचं स्मरणपत्र आलं असल्यास ते, आणि एमओटी प्रमाणपत्र किंवा त्याऐवजी व्ही११२ घोषणापत्र लागतं. विक्रेत्याकडे लॉगबुक आहेच, त्यामुळे हा बदल त्यानेच विक्रीआधी करून द्यावा, असा आग्रह धरा.

२०१४ च्या ऑक्टोबरपासून टॅक्स गाडीबरोबर नव्या माणसाकडे जात नाही. म्हणून रक्कम शून्य असली तरी गाडी रस्त्यावर काढण्याआधी तुम्हाला ती स्वतःच्या नावाने टॅक्स करावीच लागते. त्याआधी विमा घ्या. जुन्या गाड्यांच्या विम्यात 'ॲग्रीड व्हॅल्यू', म्हणजे आधीच ठरलेली किंमत, असते. रिस्टोरेशनवर झालेला खर्च बाजारभावात दिसत नाही, म्हणून हाच प्रकार घ्यावा. वर्षभर नुसती उभी ठेवायची असेल तर ती रस्त्यावर नाही असं खात्याला कळवायचं असतं, त्याला सॉर्न म्हणतात.

लंडनच्या युलेझची सूटही याच हिस्टॉरिक वर्गावर टिकून आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून हा पट्टा सगळ्या लंडनभर लागू आहे आणि अपात्र गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात. मध्य लंडनचा कंजेशन चार्ज, म्हणजे गर्दीचं शुल्क, मात्र वेगळा, तो भरावाच लागतो. जुन्या पद्धतीच्या काळ्या नंबर प्लेटवर चंदेरी आकडे हवे असतील तर वर्ग हिस्टॉरिक आणि उत्पादन १ जानेवारी १९८० पूर्वीचं, या दोन्ही अटी लागतात. शेवटच्या वर्षाची एमजीबी त्यात बसत नाही.

एमओटीची सूट आणि तुमची सही

२० मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही, पण गेल्या ३० वर्षांत तिच्यात 'मोठा बदल' झालेला नसेल तरच. बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, वेगळ्या धाटणीची बसवली, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगची पद्धतच बदलली, चार सिलिंडरच्या जागी वेगळ्या संख्येचं इंजिन घातलं, तर सूट जाऊ शकते. गिअरबॉक्स या यादीत नाही, त्यामुळे पाच गिअरचा बसवलेला असेल तर काळजी नको. सुरक्षिततेसाठी ब्रेक सुधारले असतील तरी चालतं.

मूळ साच्यांवर नव्याने बनवलेली हेरिटेज बॉडीशेल अनेक रिस्टोरेशनमध्ये असते. ती मूळच्याच धाटणीची असल्यामुळे मोठा बदल ठरत नाही. तिची पावती आणि कामाचे फोटो मात्र मागाच. २६ ऑगस्ट २०२५ पासून, गाडी दिसायला मूळसारखीच राहत असेल आणि लॉगबुकात काही बदल होत नसेल, तर जसंच्या तसं केलेलं रिस्टोरेशन खात्याला कळवावं लागत नाही. साहजिकच सरकारी नोंदीत या कामाचा मागमूस नसतो. फोटो आणि पावत्या हाच काय तो पुरावा.

व्ही११२ वर तुम्ही लिहून देता की गाडी सूटीला पात्र आहे. गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी तर कायम चालकाची. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ पॉइंट बसतात.

गेल्या वर्षी एका मराठी जोडप्यासोबत मी गाडी बघायला गेलो होतो. बाहेरून नवी कोरी. दाराखालचा पट्टा, ज्याला सिल म्हणतात, तो एमजीबीत नुसता दिखाऊ नसतो. या गाडीला वेगळी चासी नाही, उघड्या बॉडीचा सगळा भार सिलच पेलते. रुमालात गुंडाळलेलं साधं चुंबक मी मागच्या चाकाकडून पुढे सरकवत गेलो. दाराच्या मधोमध ते सुटून हातात आलं. रंगाखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती. दार उघडून बंद केलं तर खालचा कोपरा किंचित घासत होता. विक्रेता भला माणूस होता, त्याने स्वतःही गाडी तशीच घेतली होती आणि एमओटी सक्तीची नसल्यामुळे सहा वर्षांत एकदाही लिफ्टवर चढवली नव्हती.

म्हणून पैसे देण्याआधी ऐच्छिक एमओटी करून घ्या. ती कोणत्याही अधिकृत केंद्रात होते. विक्रेता नको म्हणाला तर गाडी सोडा. जुन्या एमओटींचा इतिहास आणि मीटरचे आकडे सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट दिसतात. गाडीवर कर्ज बाकी आहे का, विमा कंपनीने नुकसानीमुळे ती कधी एस (सांगाड्याचं नुकसान) किंवा एन (इतर नुकसान) वर्गात टाकली होती का, हे मात्र पैसे देऊन खासगी तपासणीतून कळतं.

नावावर करण्याच्या दिवशी

हे काम दहा मिनिटांचं आहे. विक्रेता लॉगबुकावरचा ११ आकडी संदर्भ क्रमांक टाकून ऑनलाइन तुमचं नाव-पत्ता कळवतो. हे तुमच्या समोर बसून करायला सांगा आणि तुमचा ईमेल त्यात घालायला लावा. लॉगबुकाची हिरवी 'न्यू कीपर' चिठ्ठी तो तुम्हाला देतो. तिच्यावर १२ आकडी क्रमांक असतो, त्यानेच मोबाइलवरून तिथल्या तिथे गाडी टॅक्स करता येते. उरलेलं लॉगबुक त्याने नष्ट करायचं असतं. नवं लॉगबुक तुमच्या पत्त्यावर पोस्टाने येतं. चार आठवड्यांत आलं नाही तर हिरव्या चिठ्ठीसह व्ही६२ पाठवा, तेव्हा २५ पौंड लागत नाहीत. त्यासाठी चिठ्ठी जपून ठेवा.

सोबत दोन्ही किल्ल्या, रिस्टोरेशनची फाइल, हेरिटेज सर्टिफिकेट, ऐच्छिक एमओटीचा कागद आणि पावती घेतली की गाडी तुमची. घरी जाताना पंपावर थांबलात तर ई५ पेट्रोल भरा. २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० असतं, आणि त्यातलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही.