प्रकाश शोषलेल्या रेणूचं काय होतं?

१८३४ साली ट्रॉम्सडोर्फ या जर्मन रसायनज्ञाने वनस्पतीतून मिळणाऱ्या सॅन्टोनिन या पदार्थाचे स्फटिक उन्हात ठेवले. ते पिवळे पडले आणि तडकून फुटले. मग त्याने लोलकातून ऊन फोडलं आणि एकेक रंग स्फटिकांवर पाडून पाहिला. जांभळ्या आणि निळ्या प्रकाशात ते पिवळे होत. हिरव्या, पिवळ्या, तांबड्यात ढिम्म. ऊन लागून पदार्थ तापतो म्हणून बदलतो, या समजुतीला खरं तर तेव्हाच तडा गेला होता. (त्या स्फटिकाच्या आत नेमकं काय घडतं, याचा नीट उलगडा व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.)

प्रकाशरसायनशास्त्राचा पहिला नियम साधा आहे: जो प्रकाश शोषला जात नाही, तो काहीच घडवत नाही. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या ऊर्जेचं माप मोलमागे (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक, प्रचंड संख्येमागे) सुमारे २.५ किलोज्यूल असतं. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशाची ऊर्जा त्याच मापाने ३०० किलोज्यूलच्या आसपास भरते. उष्णता ही ऊर्जा सगळ्यांत वाटून टाकते. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, मात्र आपलं सगळं धन एकाच रेणूला देतो, आणि तेही तो रेणू घेणारा असेल तरच. शेजारचा द्रावकाचा रेणू कोराच राहतो.

पण एवढी ऊर्जा मिळाली म्हणून रेणू लगेच तुटतो असं नाही. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल लागतात, म्हणजे दृश्य प्रकाश तिथे सहसा अपुराच पडतो. तो वेगळीच करामत करतो. दुहेरी बंधातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला की त्या बंधाचा ताठरपणा जातो आणि एरवी जागच्या जागी जखडलेला भाग वळू शकतो. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या रेटिनलच्या रेणूत हेच घडतं. प्रकाश पडल्यावर हे वळण सुमारे २०० फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) पुरं होतं, आणि शोषलेल्या दर तीन फोटॉनांपैकी साधारण दोन कामी येतात.

माझ्या मते या विषयाचं मर्म इथे आहे: प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू हा जुन्याच रेणूची जरा गरम आवृत्ती नसतो, तो जवळजवळ दुसराच पदार्थ असतो. २-नॅफ्थॉल हे एरवी अगदी दुबळं आम्ल. प्रकाश शोषल्यावर, त्या अवस्थेपुरतं, त्याची आम्लता लाखो पटींनी वाढते. अंधारात कधीच न घडणाऱ्या अभिक्रिया उजेडात घडतात त्या यामुळेच.

मात्र या नव्या पदार्थाचं आयुष्य फार थोडं. मिळालेली ऊर्जा तो प्रकाश म्हणून परत फेकू शकतो, उष्णतेत घालवू शकतो, त्रिक नावाच्या जरा दीर्घायुषी अवस्थेत उतरू शकतो, किंवा अभिक्रिया करू शकतो. या वाटांमध्ये शर्यत चालू असते आणि संशोधक मोजतात तो तिचा निकाल. शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे किती रेणू खरोखर बदलले, या प्रमाणाला क्वांटम यील्ड म्हणतात. त्यासाठी आधी दिव्यातून किती फोटॉन आले ते मोजावं लागतं. प्रयोगशाळेत हे काम बहुतेकदा पोटॅशियम फेरिऑक्झॅलेटच्या द्रावणावर सोपवतात, कारण शोषलेल्या फोटॉनांमागे त्यातले किती रेणू बदलतात हे आधीच पक्कं ठाऊक आहे. तपासायच्या द्रावणातला ऑक्सिजन नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हाकलतात, नाहीतर तो त्रिक अवस्थेतली ऊर्जा मधल्यामध्ये पळवतो. आणि एक नळी काळ्या कागदात गुंडाळून त्याच तापमानाला शेजारी ठेवतात. तिच्यातही तोच बदल दिसला, तर श्रेय प्रकाशाचं नाही. ती उत्तेजित अवस्थाच पकडायची तर प्रकाशाचा क्षणभराचा झोत लागतो. नॉरिश आणि पोर्टर या ब्रिटिश रसायनज्ञांनी १९४९च्या सुमारास हे तंत्र उभं केलं आणि १९६७च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला.

या साऱ्याचा सर्वांत देखणा उपयोग, मला वाटतं, नवजात बाळांच्या काविळीत झाला. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या एसेक्सच्या एका रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिकेच्या लक्षात आलं की बाळाच्या अंगावर ऊन पडलं तिथला पिवळेपणा कमी झाला आहे आणि झाकलेला भाग तसाच पिवळा आहे. कारण पुढे उलगडलं. काविळीत अंग पिवळं करणाऱ्या बिलिरुबिनचा रेणू स्वतःवरच दुमडलेला असतो; पाण्याशी जमवून घेणारे त्याचे भाग आतल्या हायड्रोजन बंधांत अडकलेले असतात, म्हणून तो विरघळत नाही. निळ्या प्रकाशाने त्यातला एक दुहेरी बंध वळतो, घडी उलगडते आणि यकृताने प्रक्रिया करण्याची वाट न पाहता तो शरीराबाहेर जाऊ शकतो. यासाठीचे दिवे ४६० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे असतात. ते अतिनील असतात हा गैरसमज आहे.

दुसरं टोक संगणकाच्या चिपमध्ये सापडतं. १८२०च्या दशकात निएप्स या फ्रेंच संशोधकाने धातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन त्यावर दृश्य उमटवलं: उजेड पडला तिथे डांबर कडक झालं, बाकीचं लॅव्हेंडरच्या तेलात धुऊन निघालं. चिपवर नक्षी उमटवायला वापरतात त्या प्रकाशसंवेदी थराचं, म्हणजे आजच्या फोटोरेझिस्टचं, तत्त्व तेच, फक्त कामगिरी बारीक. एक जुना, मुरलेला प्रकार उलट चालतो: प्रकाशाने त्यातलं संयुग आम्लात बदलतं आणि तेवढा भाग अल्कधर्मी पाण्यात विरघळतो. अशा कारखान्यांतल्या खोल्या पिवळ्या उजेडात न्हालेल्या दिसतात ते याचमुळे. हा थर पिवळा प्रकाश शोषत नाही. नंतरच्या प्रकारांत प्रकाशाने तयार झालेला आम्लाचा एक कण पुढे शेकडो बंध तोडतो, त्यामुळे थोड्याशा प्रकाशातही काम भागतं.

सर्वांत नव्या यंत्रांत १३.५ नॅनोमीटरचे किरण वापरतात. तिथे एका फोटॉनात इतकी ऊर्जा असते की रेणू उत्तेजित होऊन थांबत नाही, इलेक्ट्रॉनच बाहेर फेकला जातो आणि पुढचं रसायन ते उडालेले इलेक्ट्रॉन घडवतात. कोणता रेणू कोणता रंग घेतो, हा जुना हिशोब तिथे लागू पडत नाही. प्रकाश कुठल्या अणूंवर आदळतो यालाच महत्त्व येतं, म्हणून कथिलासारखे धातू असलेले थर आता तपासले जात आहेत.