दंडावर न मोजला जाणारा रक्तदाब

लेहच्या सहलीला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या प्रवाशांच्या सामानात हल्ली बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो, कुणाकडे रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते आणि बऱ्याच जणांच्या रुमालात कापराची वडी असते. परतल्यावर हीच मंडळी सांगतात, की डोंगराळ भागातल्या माणसांना शुद्ध हवेमुळे रक्तदाबाचा विकार होत नाही. हा समज खरा नाही. तिबेटी लोकवस्तीत उच्च रक्तदाबाचे रुग्ण पुष्कळ आढळले आहेत आणि त्यामागे दिवसभर प्यायल्या जाणाऱ्या, लोणी व मीठ घातलेल्या चहाचा हात आहे, असे मानले जाते. मात्र उंचीवरच्या हृदयाची खरी परीक्षा पाहणारा रक्तदाब वेगळाच असून तो दंडाला पट्टा बांधून मोजताच येत नाही.

उंचीवरच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी नसते. ते मुंबईत आणि लेहमध्ये सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक आत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच घटतो. मानेतील धमन्यांजवळच्या इवल्याशा संवेदक ग्रंथींना ही तूट जाणवते, श्वास आणि नाडी जलद होतात, आणि दंडावरचा रक्तदाबही पहिल्या काही दिवसांत थोडाफार वाढतो. कापूर हुंगून ही तूट भरून निघत नाही. कापूर नाकातील थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतो, त्यामुळे श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातील ऑक्सिजन होता तेथेच राहतो.

आता त्या दुसऱ्या रक्तदाबाकडे वळू. हृदय म्हणजे एका भिंतीने जोडलेले दोन पंप आहेत. डावा पंप सर्व शरीराला रक्त पुरवतो. त्याचा दाब आपल्या परिचयाचा, १२०/८० च्या आसपासचा. उजवा पंप रक्त केवळ शेजारच्या फुप्फुसांत ढकलतो, म्हणून त्याला २५/१० इतका दाब पुरतो आणि त्याची भिंतही पातळ असते. शरीरातील इतर रक्तवाहिन्या ऑक्सिजन कमी पडला की रुंदावतात, जेणेकरून उपाशी भागाला अधिक रक्त मिळावे. फुप्फुसातील धमन्या नेमके उलट करतात, त्या आकसतात. उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांतून ही गोष्ट दाखवून दिली.

हा उलटा स्वभाव सपाटीवर मोठा उपयोगी ठरतो. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात कफ साचून हवा पोहोचेनाशी झाली, तर तेथे रक्त पाठवणे व्यर्थ असते; म्हणून तेथील धमनी आवळली जाते आणि रक्त हवा खेळत्या भागाकडे वळते. हे काम धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी मेंदूला न विचारता करतात. ऑक्सिजन घटला की पेशीच्या आवरणातील पोटॅशियमच्या वाटा बंद होतात, आत धनभार साचून आवरणाचा विद्युतदाब बदलतो, त्या बदलाने कॅल्शियमची दारे उघडतात आणि आत शिरलेले कॅल्शियम पेशीला आकसायला लावते. पण उंचीवर एका कोपऱ्यातच नव्हे, सगळ्याच वायुकोशांत ऑक्सिजन कमी असतो. रक्त वळवायला दुसरा भागच उरत नाही, जवळजवळ सर्व धमन्या एकदम आवळल्या जातात, आणि पातळ भिंतीच्या उजव्या पंपाला अरुंद वाटांतून रक्त रेटावे लागते. वर्षानुवर्षे असे चालले, तर त्याची भिंत जाड होत जाते आणि काही जणांत तो अखेर थकतो.

मैदानी गायी-बैल उंचीवर नेले, की त्यांच्या फुप्फुसांतील दाब फार वाढतो; याकचा मात्र वाढत नाही. लडाखमधील जनावरांवर झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याक व गाय यांच्या संकरातून जन्मणाऱ्या झो या जनावराच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्याही याकसारख्याच सैल आढळल्या. झोचा पुन्हा गोवंशाशी संकर केल्यावर मात्र काही संतती याकच्या वळणाची निघाली, तर काही गायीच्या. म्हणजे हा गुण नुसत्या सवयीचा नसून वारशाने येतो.

माणसांतही असेच दिसते. पिढ्यान्‌पिढ्या पठारावर राहिलेल्या तिबेटी लोकांत फुप्फुसांतील दाब सहसा फारसा वाढत नाही आणि त्यांचे हिमोग्लोबिनही बेताचे राहते. यातील हिमोग्लोबिनचा संबंध ‘ईपास-१’ या जनुकाच्या एका रूपाशी आहे, आणि ते रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवशाखेकडून आल्याचे २०१४ साली उजेडात आले. अँडीज पर्वतातील रहिवाशांचे शरीर दुसऱ्या वाटेने गेले. त्यांचे हिमोग्लोबिन वाढते, काहींत इतके, की दाट झालेले रक्त ढकलणे हृदयाला जड जाते. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोन्हे यांनी १९२५ साली या विकाराचे वर्णन केले.

नवख्या प्रवाशाला धोका असतो तो आवळण्याच्या विषमतेचा. काही धमन्या कमी आवळल्या जातात, त्यांच्यामागच्या केशवाहिन्यांवर दाबाचा सगळा भार पडतो आणि त्यांतून द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. बसल्या जागी धाप लागणे, खोकला थांबता न थांबणे ही त्याची लक्षणे आहेत. यावर पहिला उपचार म्हणजे ऑक्सिजन देणे आणि त्वरित खाली उतरवणे. जोडीला निफेडिपिन नावाचे औषध दिले जाते. हे मुळात रक्तदाबाचेच औषध आहे आणि ते वर सांगितलेली कॅल्शियमची दारे अडवते.