फेटा कुणाच्या डोक्यावर?

कोल्हापुरात सत्कार म्हटला की फेटा आलाच. पदक आणलेल्या पोराला तो बांधून झाला की माईक शेजारच्या खुर्चीकडे सरकतो. तिथं आई-वडील बसलेले असतात. चौकातल्या फ्लेक्सवर पोराचा फोटो उभा, आणि कोपऱ्यात गोलात त्या दोघांचा. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की ही खुर्ची व्यासपीठावर कधी आली, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. ती फार जुनी नाही.

राजर्षी शाहूंनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचा आखाडा पाहिला. त्याच धर्तीवर बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये कुस्त्यांसाठी खुलं झालं. त्या काळी मल्लाची ओळख सांगायची रीत ठरलेली होती: अमुक तालमीचा, तमुक वस्तादांचा पठ्ठा. बापानं पोरगं तालमीत घातलं की पुढं ते वस्तादाचं. नावारूपाला आलेल्या मल्लाच्या खुराकाची काळजी दरबार घ्यायचा, त्यामुळं मानही दरबाराचा आणि तालमीचा. बापाच्या वाट्याला पोराच्या नावातली मधली जागा तेवढी यायची.

गंमत अशी, की याच दरबारानं १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तेव्हा पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. म्हणजे शाळा चुकली तर हिशेब बापाच्या नावावर, कुस्ती मारली तर दरबाराच्या!

खाशाबा जाधवांची गोष्ट याच सांध्यावरची आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि तो आधार सरला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैशाची मारामार झाली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी जमेल तशी भर घातली. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा कराडपासून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असं आजही सांगतात. खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते, पोराला मातीची गोडी त्यांनीच लावली. पण ही गोष्ट कुणालाही सांगायला लावा. खर्डेकरांचं घर येतं, बैलगाड्या येतात, दादासाहेब एका ओळीत आटोपतात. खर्च ज्याच्या पदरचा, गोष्ट त्याची.

पुढं खर्चाची जागाच बदलली. वीरधवल खाडेचं पोहणं, तेजस्विनी सावंतची रायफल, राही सरनोबतचं पिस्तूल. हे खेळ पोराला तालमीत सोडून बाप शेताकडं वळला, असे शिकता येत नाहीत. पहाटे तलावावर नेऊन सोडायचं, गोळ्यांचे पैसे जुळवायचे, स्पर्धांचं प्रवासभाडं भरायचं. सरकारी मदत येते, पण बहुधा पोरानं काही करून दाखवल्यावर. त्याआधीची वर्षं घराची. आणि ज्या घरानं ती काढली, ते घर मग पदकावर हात ठेवणारच.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. वडील सुरेश शिक्षक, आई अनिता तेव्हा गावच्या सरपंच. ऑक्टोबरमध्ये वडिलांनी जाहीर नाराजी मांडली: बक्षीस पाच कोटींचं हवं, पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ फ्लॅट हवा, हरियाणा बघा खेळाडूंना काय देतं. अनेकांनी नाकं मुरडली. मला त्यात हाव दिसली नाही. पूर्वी मल्लासाठी दरबारात अर्ज जायचा तोच हा अर्ज, खाली सही बापाची एवढंच. थबकायला लावलं ते दुसऱ्याच बोलण्यानं. असं होणार हे आधी ठाऊक असतं तर पोराला दुसऱ्या खेळाकडं वळवलं असतं, अशा आशयाचं ते बोलले. पोरगं तालमीत घालून मागं न बघणाऱ्या बापाच्या तोंडी हे वाक्य आलं नसतं.

सगळ्यांना मात्र ही खुर्ची मिळत नाही. गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर एप्रिल १९४२ मध्ये गेले तेव्हा लता बारा वर्षांची. घर चालवायला ती मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत कामाला लागली, कोल्हापुरात राहिली. लेकीचं नाव होताना बघायला बाप नव्हता. उलट पुढं लेकीमुळंच बापाचं नाव नव्या पिढ्यांच्या कानावर पडत राहिलं. खाशाबांच्या घरीही उलटंच घडलं. त्यांना मरणोत्तर पद्म पुरस्कार मिळावा म्हणून त्यांचा मुलगा वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालतो आहे.

आईचं काय? वस्ताद, दरबार, प्राचार्य, बाप या सगळ्या यादीत ती उशिरा आली, आणि नावात तर आलीच नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा राज्याचा नियम आहे. त्यातलं एखादं पोरगं पदक घेऊन येईल तेव्हा फ्लेक्सवाल्याला नावाची ओळ जरा लांब धरावी लागेल.