संरक्षक लेपन (सेवावाहिन्यांचे)

पाण्याच्या नळवाहिन्या, मलवाहिन्या, विजेचे मनोरे, जलकुंभ अशा सार्वजनिक बांधकामांचे गंज व झिजेपासून रक्षण करण्यासाठी त्यांवर चढवलेला थर. दिसायला तो रंगच असतो, काम मात्र शोभेचे नसते. पोलाद गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि जोडीला मीठ आले की गंज झपाट्याने वाढतो. साधा लेप या तिघांना धातूपर्यंत पोचू देत नाही. जस्ताचा लेप त्याहून एक पाऊल पुढे जातो: ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते, लोखंड वाचते. घरच्या पितळी पातेल्याची कल्हई ही याच कुळातली. कल्हईवाला कथिल धरावे म्हणून नवसागर फिरवतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. जस्तलेपनाच्या कारखान्यात सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवण्याआधी त्याला जस्त-अमोनियम क्लोराइडच्या द्रावणातून काढतात. कृती जवळपास तीच, फक्त पातेल्याच्या जागी मनोरा.

मुंबई आणि नवी मुंबईच्या मधल्या ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर लेपाची कसोटी लागते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, नवी मुंबई महानगरपालिकेची १९९२ ची. त्यामुळे वाशीसारख्या पहिल्या नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, सुरुवातीला टाकलेली वाहिनी अजून वापरात असेल तर तिने चाळिशी केव्हाच ओलांडली. त्यातही बरीच जमीन खाजण बुजवून केलेली, म्हणजे मातीतच मीठ. ऐरोली-मुलुंड पुलावरून जाताना खाडीत उभे असलेले वीजवाहिन्यांचे मनोरे दिसतात. अशा मनोऱ्याचा सर्वांत हालाखीचा भाग पाण्याखालचा नसतो, तर भरती-ओहोटीत आलटून पालटून भिजणारा आणि वाळणारा पट्टा. तिथे मीठ, पाणी आणि हवा तिन्ही भरपूर. काँक्रीटलाही यातून सूट नाही. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या पहिल्या वाशी खाडीपुलात काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंज लागला होता. १९९७ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा पूल वाहतुकीला खुला झाला.

लेपाचे आयुष्य डब्यातल्या मालापेक्षा त्याच्या खालच्या पृष्ठभागावर ठरते. जुन्या गंजावर थेट रंग मारणे हा आपल्याकडचा लाडका उद्योग. फुटपाथवरची विजेची पेटी जवळून पाहावी: वरचा भाग ठणठणीत, पण जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, जिथे गटाराचे शिंतोडे आणि झाडलेला कचरा साचतो, तिथे रंगाला फोड आलेले असतात. नखाने टोकरले की पापुद्रा निघतो आणि आत तपकिरी भुगा. गणपतीआधी वरून एक हात मारला, तर फोड दिवाळीपर्यंत पुन्हा हजर. योग्य पद्धतीत आधी गोड्या पाण्याने मीठ धुतात, मग कठीण कणांचा झोत मारून पोलाद जवळजवळ पांढरे होईपर्यंत साफ करतात. झोतामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो, लेपाला पकड मिळते. पण उघडे पडलेले पोलाद खाडीच्या हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस पडू लागते, म्हणून पहिला हात त्याच दिवशी लागतो. सर्वसाधारण दंडक असा की हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली, किंवा पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्याहून) किमान ३ अंशांनी जास्त नसले, तर काम थांबवायचे. जून ते सप्टेंबर या अटी इथे क्वचितच पाळता येतात. खरा हंगाम दिवाळीनंतरचा.

धारदार कडांवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथला थर पातळ राहतो. म्हणून कडा, वेल्ड आणि नट-बोल्ट यांना आधी ब्रशने वेगळा हात देतात. पूर्वी पहिला हात शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा असे. देवाच्या दगडाला लावतात तोच शेंदूर. रेड ऑक्साइड हे मात्र लोहाचे ऑक्साइड; रंगात भाऊबंद, गुणात नाही. शिसे विषारी असल्याने आता जस्तयुक्त इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारी राळ) किंवा झिंक फॉस्फेटचे प्रायमर, म्हणजे पहिल्या हाताचे रंग, वापरतात. जुने शेंदरी थर खरवडताना उडणारी धूळ आजही घातकच.

मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईत ज्या प्रकारच्या मोठ्या पोलादी नळांतून आणले जाते, त्यांना आतून आणि बाहेरून वेगवेगळे कवच लागते. आतून सिमेंटचा गिलावा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा: तो अल्कधर्मी असल्याने पोलादावर गंजाला अटकाव करणारा सूक्ष्म पापुद्रा टिकून राहतो. जुना नळ न उखडता साफ करून, गरगर फिरणाऱ्या तोटीने आतून असा गिलावा फेकता येतो. बाहेरून एकेकाळी कोळशाच्या डांबराचा थर आणि काचतंतूंची गुंडाळी असे. आता इपॉक्सी व पॉलिथिनचे थर येतात. आतल्या बाजूला, पिण्याच्या पाण्याला डांबर चालत नाही; गिलाव्याऐवजी लेप द्यायचा तर खाद्यदर्जाचे इपॉक्सीच लागते.

मलवाहिनीत शत्रू वेगळा. सपाट भरावावर नळांना उतार कमी मिळतो, सांडपाणी रेंगाळते, आणि तळाच्या बुळबुळीत थरातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वायू वर चढतो. नळाच्या ओल्या छतावरचे दुसरे जीवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणून काँक्रीटचा नळ तळाऐवजी माथ्यातून खचतो. अशा ठिकाणी आम्लापुढे जास्त टिकणारे कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट किंवा इपॉक्सीचा थर देतात, किंवा राळेत भिजवलेली कापडी नळी आत उलटवून तिथेच कडक करतात. ही पद्धत १९७१ मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरली गेली. हाच वायू चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाचा जीव घेतो.

झिजलेली भिंत मात्र लेपाने जाड होत नाही. आधी ध्वनिलहरींच्या यंत्राने उरलेली जाडी मोजायची. ती पुरेशी नसेल तर लेपाचा खर्च वाया जातो आणि नळ बदलणे हाच मार्ग उरतो. लेप झाल्यावर ‘हॉलिडे टेस्ट’ होते. नावात सुट्टी असली तरी हे सर्वांत चोख काम: उच्च दाबाच्या विजेचा तारांचा ब्रश नळावरून फिरवतात, आणि सुईच्या टोकाएवढे भोक असेल तिथे चर्र आवाज होऊन ठिणगी उडते. तिथे खूण करून डाग बुजवतात. कारखान्यात चढवलेला लेप सहसा उत्तीर्ण होतो. नापास होतात ते खड्ड्यात बसून हाताने लेपलेले जोड. आणि त्याहून कठीण ते नंतरचे ओरखडे. केबल टाकायला आलेल्या जेसीबीचा दात नळाला लागतो, कोणी कोणाला सांगत नाही, माती ओढून खड्डा बुजवला जातो. गळती रस्त्यावर येते तेव्हा तो कंत्राटदार केव्हाच निघून गेलेला असतो.