किरणोत्सर्गी धातू, अर्बुदचित्रणातील

अर्बुदाची (पेशींच्या अनावर वाढीने झालेल्या गाठीची) जागा व प्रसार पाहण्यासाठी शरीरात अत्यल्प मात्रेने सोडले जाणारे अल्पायुषी धातू-समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या अणुभारांचे प्रकार). टेक्नेशियम-९९एम, गॅलियम-६७ व ६८, इंडियम-१११ आणि झिर्कोनियम-८९ हे त्यांतील प्रमुख. फ्लुओरीन-१८ व आयोडीन-१३१ अधातू असल्याने येथे घेतलेले नाहीत.

टेक्नेशियमचा शोध १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे पेरिअर व सेग्रे यांनी लावला, असे सर्वसाधारणपणे मानतात. हेच मूलद्रव्य ‘मसूरियम’ या नावाने सापडल्याचा १९२५ चा जर्मन दावा त्याआधीचा खरा, पण तो प्रयोगाने पुन्हा पडताळता आला नाही.

गॅलियम-६७ चा अर्बुदाशी संबंध १९६९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथे एडवर्ड्‌स व हेज यांना दिसला. हॉजकिन रोगाच्या (लसीकाग्रंथींच्या एका कर्करोगाच्या) रुग्णाची हाडे पाहायची होती. उठून दिसल्या त्या लसीकाग्रंथी. असे का व्हावे, यावर मतभेद आहेत. गॅलियमचा आयन लोहाच्या त्रिसंयुजी आयनासारखा असून रक्तातील ट्रान्सफेरिन प्रथिनाला चिकटतो आणि त्याला पकडणाऱ्या पेशीवरील ग्राहींमार्गे पेशीत शिरतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ट्रान्सफेरिनवाचूनही काही पेशी गॅलियम घेतात. शिवाय दाहाच्या जागी, क्षयाच्या गाठींतही ते साठते. त्यामुळे क्षय सर्रास असलेल्या आपल्याकडे नुसत्या गॅलियम-६७ च्या चित्रावरून कर्करोग ठरवणे धोक्याचे. टेक्नेशियमच्या अस्थिचित्रणातही दिसते ती अर्बुदाला हाडाने दिलेली प्रतिक्रिया, अर्बुद नव्हे.

कोल्हापुरासारख्या ठिकाणी अर्धायुष्याचा (द्रव्य निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाचा) हिशेब निर्णायक ठरतो. मुंबईहून रस्ता सुमारे ३७५ किमी, प्रवास सात तासांचा धरला तर टेक्नेशियम (६ तास) निम्म्याहून कमी उरते आणि गॅलियम-६८ (६८ मिनिटे) जेमतेम सत्तरावा हिस्सा. म्हणून धातू न आणता त्याचा जनक, म्हणजे ज्याच्या क्षयातून तो सतत तयार होतो ते द्रव्य, जनित्र नावाच्या पात्रात भरून आणतात. टेक्नेशियमचा जनक मॉलिब्डेनम-९९ (६६ तास) तेवढ्या वेळात सात टक्क्यांच्या आसपास घटते; गॅलियम-६८ चा जनक जर्मेनियम-६८ (२७१ दिवस) जवळपास घटतच नाही. जनित्रातून हवे तेव्हा ताजे द्रव्य काढायचे, गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात तसे. असे गॅलियम-६८ डोटाटेट या रेणूला जोडून चेता-अंतःस्रावी अर्बुदे (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींची) पाहतात, तर पीएसएमए या पेशीवरील प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला जोडून पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग.

इंडियम-१११ (२·८ दिवस) व झिर्कोनियम-८९ (सुमारे ७८ तास) यांना प्रवासाची अडचण नाही. पण इंडियमचे चित्र बहुधा दुसऱ्या दिवशी आणि झिर्कोनियम जोडलेल्या प्रतिपिंडांचे काही दिवसांनी घेतात. चंदगडहून येणाऱ्या रुग्णाला एकतर मुक्काम करावा लागतो किंवा दुसरी खेप.