पार्श्वभूमी: यंत्र आलं आणि काम वाटलं गेलं

वीज केंद्रात, खाणीत किंवा उपकेंद्रात नवं यंत्र आलं की पहिली चर्चा होते ती किती माणसं कमी होणार याची. जी उरतात त्यांच्या कामाचं काय होतं, हा प्रश्न मागे पडतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वी तो इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत नीट विचारला गेला होता.

यंत्रं येण्याआधी डरहॅमच्या खाणीत माणसं जोडीने काम करत. जोडीदाराला तिथे ‘मॅरो’ म्हणत आणि तो ज्याचा त्याने निवडायचा. कोळसा फोडायचा, डब्यात भरायचा, छताला लाकडी टेकू द्यायचा, सगळं त्या जोडीकडेच. मग कापणी यंत्रं आणि कन्व्हेयर, म्हणजे कोळसा वाहून नेणारे सरकते पट्टे, आले. कोळशाची भिंत लांबच लांब झाली आणि तेच काम तीन पाळ्यांत चाळीस-पन्नास जणांमध्ये वाटलं गेलं. एकाने नुसतं कापायचं, दुसऱ्याने कन्व्हेयर सरकवायचा, तिसऱ्याने नुसतं भरायचं. आधीच्या पाळीने ठेवलेली कसर भरणाऱ्यांच्या अंगावर पडे आणि ती ठेवणारी माणसं त्यांना भेटतही नसत. खाडे वाढले, कोळसा अपेक्षेइतका निघेना. 1951 मध्ये एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ या संशोधकांनी हे सगळं मांडलं. बॅमफर्थ पूर्वी स्वतः खाणकामगार होते. मला वाटतं, म्हणूनच त्या लिखाणाला खाणीचा वास आहे.

पुढे डरहॅममधल्याच काही गटांनी यंत्रं तीच ठेवली, पण कामं आपसांत फिरवली आणि मजुरी एकत्र घेऊन वाटून घेतली. तिथे खाडे कमी झाले, कोळसाही जास्त निघाला. या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धडा मला इथे दिसतो.

अणुवीज केंद्रांत माणसाचा हात यंत्रापासून आणखी लांब गेला. 28 मार्च 1979 च्या पहाटे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला आणि अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी त्यातून बाहेर जात राहिलं. पॅनलवरचा दिवा मात्र विझला, कारण ‘बंद हो’ हा आदेश गेला एवढंच तो सांगत होता. व्हॉल्व्ह खरंच मिटला का, हे दाखवायची सोयच नव्हती. पहिल्या काही मिनिटांत शंभरहून जास्त अलार्म वाजले. पाणी जास्त झालंय असं समजून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केलं आणि अणुभट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला. त्यानंतर सिम्युलेटरवरच्या, म्हणजे हुबेहूब नकली कंट्रोल रूममधल्या, सरावाला जोर आला.

1983 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी यातली मेख दाखवली. रोजचं काम यंत्र करतं म्हणून माणसाचा हात बसलेला राहत नाही, आणि यंत्र अडलं की सर्वांत अवघड घडीला त्याच माणसाला पुढे व्हावं लागतं.

आपल्याकडे आता बऱ्याच ठिकाणी स्काडा या संगणकी देखरेख यंत्रणेमुळे दूरच्या कंट्रोल रूममधून ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा-जोडणारा मोठा स्विच, चालू-बंद होतो, स्मार्ट मीटर रीडिंग आपलं आपण पाठवतो. भर पावसात तार तुटली की खांबावर वायरमनच चढतो. कुठल्या वळणावर फांदी तारेला टेकते हे त्याला माहीत असतं, कारण ती लाइन त्याने वर्षानुवर्षं पायी तुडवलेली असते.